जुना डिशवॉशर: आधी ऐका, मग उघडा

डिशवॉशर अडला की बहुतेक जण आधी बटणं पुन्हापुन्हा दाबतात आणि मग थेट नव्या मशीनच्या किमती बघायला लागतात. मधे तासाभराचं काम असतं, ते कोणी सांगत नाही. आठ-दहा वर्षं चाललेल्या मशीनच्या तक्रारी ऐकल्या तर त्यातल्या बऱ्याचशा पाण्यापाशी येऊन थांबतात. पाणी आत येत नाही, आलं तर जोरात फेकलं जात नाही, तापत नाही, किंवा बाहेर जात नाही. तुमची तक्रार या चारांपैकी कुठे बसते ते आधी शोधायचं. स्क्रू ड्रायव्हरला हात नंतर.

आत काय चालतं

अनेकांना वाटतं की मशीन काठोकाठ पाण्याने भरतं आणि भांडी त्यात बुडतात. तसं काही होत नाही. तळाशी जेमतेम काही लिटर पाणी येतं, पंप तेच पाणी उचलून फिरत्या फवारा-पात्यांमधून भांड्यांवर मारतो, ते गळून फिल्टरमधून परत तळाशी येतं आणि पुन्हा वर जातं. जोसेफिन कॉक्रेन यांनी 1886 मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातही भांडी तारेच्या कप्प्यांत आणि पाणी जोराने अंगावर, हीच कल्पना होती. मोटारी आणि सर्किट बदलली, तत्त्व तेच राहिलं.

म्हणून मशीन कानाने तपासता येतं. रिकामं मशीन लावा, शेजारी बसा आणि ऐका. अनेक मशीन सुरुवातीला काही सेकंद जुनं पाणी बाहेर फेकतात, तेव्हा घरघर येते. मग पाणी भरण्याचा सूं आवाज, तो थांबला की पंपाची सलग घुमघुम आणि आतल्या भिंतींवर पाणी आपटण्याचा लयीत आवाज. हीटरला आवाज नसतो. मधेच साबणाच्या कप्प्याचं झाकण टक्कन उघडतं. शेवटी पुन्हा घरघर. यातला कुठला आवाज आलाच नाही, किंवा कुठला थांबायला तयार नाही, हे कळलं की शोध निम्म्याने कमी झाला. स्क्रीनवर एरर कोड दिसत असेल तर तो लिहून ठेवा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ‘पाणी भरत नाही’ असं सांगणाऱ्या मशीनमध्ये कधीकधी पाणी नीट भरत असतं आणि त्याच वेळी ड्रेन पाइपमधून निघून जात असतं.

हात घालण्याआधी

प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. मशीनला येणाऱ्या पाण्याचा नळ बंद करा. मोटारीला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असेल तर तो प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकतो, त्याच्या टोकांना बोट लावायचं नाही. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे घाला. दाराच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या स्प्रिंग असतात. पुढचा पॅनेल काढला की दाराचं वजन बदलतं आणि ते जोरात वर येतं. मशीन ओट्याखाली बसवलेलं असेल तर ते वरच्या किंवा बाजूच्या फळीला स्क्रूने धरलेलं असतं. ते स्क्रू काढून उघड्या दारावर भरलेला खालचा रॅक ओढला, तर अख्खं मशीन पुढे कलंडतं.

हत्यारं फार लागत नाहीत: चौफुली आणि ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, स्पंज, जुने टॉवेल आणि एक साधा मल्टिमीटर (विजेचा दाब आणि रोध मोजणारा मीटर). प्रत्येक जोडणी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पाइप आणि वायरी सगळ्या सारख्याच दिसतात, आणि दुसऱ्या दिवशी तर आणखीनच सारख्या दिसतात.

भांडी नीट निघत नाहीत

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिच्यात सुटा भाग बदलायची गरज सगळ्यात कमी पडते. म्हणून इथे घाई करू नका.

पहिली पायरी फिल्टरची. खालचा रॅक बाहेर काढा. तळाशी एक गोल नळकांडं दिसेल, ते बहुधा डावीकडे फिरवून वर येतं. त्याखाली किंवा भोवती बारीक जाळीची चकती असते. दोन्ही कोमट पाण्याखाली मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी लावली तर जाळी फाटते, आणि फाटक्या जाळीतून खरकटं थेट पंपात जातं. परत बसवताना नळकांडं खट् होईपर्यंत फिरवा. सैल बसलेला फिल्टर असून नसल्यासारखा. फिल्टरखालचा खड्डा बोटांनी चाचपू नका. तिथे काचेचा तुकडा असू शकतो. आधी टॉर्च मारून बघा, मग चिमट्याने किंवा जाड कापडाने काढा.

दुसरी पायरी फवारा-पात्यांची. खालचं पातं सहसा सरळ वर ओढलं की निघतं, वरच्याला एक चकती फिरवावी लागते. छिद्रं उजेडाकडे धरून बघा. क्षार, बिया, बाटल्यांवरच्या लेबलांचे तुकडे असं बरंच काही त्यात अडकतं. टूथपिकने किंवा बारीक तारेने छिद्र मोकळं करा, पण कचरा आत ढकलू नका. आत गेलेला कचरा पातं हलवून आणि नळाखाली धरून बाहेर काढा. ही पाती फिरवायला मोटार नसते. तिरप्या छिद्रांतून पाणी सुटतं, त्याच्या उलट धक्क्याने पातं फिरतं. म्हणूनच अर्धी छिद्रं बुजली की पातं मंदावतं, आणि त्याच्या समोर न येणारी भांडी तशीच राहतात.

पातं खरंच फिरतंय का, हे बघायची सोपी युक्ती आहे. त्याचं टोक समोर तुमच्याकडे करून ठेवा, मशीन लावा, पंपाचा आवाज सुरू झाल्यावर मिनिटभराने दार सावकाश उघडा. टोक दुसरीकडे गेलं असेल तर ठीक. पुन्हा दोन-तीनदा करा, कारण एखादी लांब दांडी रॅकमधून खाली लोंबत असली की पातं जरासं फिरून तिला अडून बसतं.

दार उघडलंच आहे तर पाण्याची पातळीही बघून घ्या. पाणी साधारण फिल्टरच्या वरच्या कडेच्या आसपास हवं. ज्या मशीनमध्ये हीटरची सळी तळाशी उघडी दिसते, तिथे पाणी सळीच्या जवळपास पोचलेलं दिसतं. पाणी फार कमी असेल तर पंप हवा ओढतो, आवाज तुटक होतो आणि फवाऱ्यात जोर राहत नाही. तेव्हा साबण बदलून उपयोग नाही. खाली ‘पाणी येत नाही’ हा भाग बघा.

साबणाबद्दल. यात भांडी घासायचा फेसाळ द्रव कधीही घालायचा नाही. फेस झाला की पंपाला पाण्याऐवजी फेसच ओढावा लागतो आणि तो दारातून बाहेर येतो. चुकून गेलाच तर मशीन थांबवा, फेस उपसा, उरलेल्यावर मीठ भुरभुरा आणि थंड पाण्याने पुन्हापुन्हा ड्रेन करा. डिशवॉशरच्या साबणात एन्झाइम असतात. त्यांना काम करायला कोमट ते गरम पाणी आणि थोडा वेळ लागतो. जुनं मशीन ‘आधी चांगलं धुवायचं’ आणि आता तोच साबण घालूनही धूत नाही, असं वाटत असेल तर साबणही तोच राहिलेला नाही हे लक्षात घ्या. युरोपीय संघात घरगुती डिशवॉशर साबणातल्या फॉस्फेटवर 1 जानेवारी 2017 पासून कडक मर्यादा आली, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत 2010 मध्येच आली होती. फॉस्फेट क्षारांना पकडून ठेवायचं. ते गेल्यावर डिशवॉशरचं मीठ (त्याबद्दल पुढे) आणि रिन्स एड (शेवटच्या पाण्यात मिसळणारा, डाग न पडू देणारा द्रव) यांच्यावरचा भार वाढला, आणि या दोन गोष्टी न वापरणाऱ्यांच्या काचा पांढरट दिसू लागल्या.

काच पांढरट दिसली तर तिच्यावर दोन थेंब व्हिनेगर लावून पुसा. डाग गेला तर तो क्षार होता, उपाय आहे. गेला नाही, रंगीत झाक दिसतेय किंवा बोटाला खरखरीत लागतेय, तर काचेचा पृष्ठभागच झिजलाय. ते परत येत नाही. साबणाचं प्रमाण आणि तापमान कमी करून बाकीच्या काचा वाचवा.

मिठाचं काम समजून घेण्यासारखं आहे. मीठ भांडी घासत नाही. मशीनच्या तळाशी एक डबा असतो, त्यात राळेचे बारीक मणी असतात. येणाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही फेऱ्यांनी मणी भरून जातात. मग खारं पाणी त्यांच्यातून सोडून त्यांना पुन्हा तयार केलं जातं. म्हणून डिशवॉशरचं जाडं, शुद्ध मीठच लागतं. खायच्या मिठात गठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ या यंत्रणेत साचतात. पहिल्यांदा भरताना डब्यात पाणी असायला हवं, पुढे पाणी घालायची गरज नाही. मीठ भरल्यावर झाकण घट्ट लावून लगेच एक फेरी चालवा. सांडलेलं खारं पाणी तासन् तास पडून राहिलं तर स्टेनलेस स्टीललाही गंज चढतो. आणि पाण्याच्या क्षारतेप्रमाणे मशीनचं सेटिंग करा. ते कारखान्यातून आलेल्या आकड्यावरच वर्षानुवर्षं राहिलेलं असतं, हे मला नेहमी दिसतं. सगळ्याच मशीनमध्ये हा डबा नसतो. नसेल तर रिन्स एडवर जास्त अवलंबून राहावं लागतं.

प्लॅस्टिकची भांडी शेवटी ओलीच निघतात म्हणून कोणी मशीन उघडायला बसू नये. काच आणि चिनी माती शेवटच्या गरम पाण्याची उष्णता धरून ठेवतात आणि त्यावर वाळतात. प्लॅस्टिक पटकन गार होतं. तो बिघाड नाही.

पाणी बाहेर जात नाही

शेवटी फिल्टरच्या खड्ड्यात थोडंसं पाणी उरणं ठीक आहे, त्याने रबरी सील ओले राहतात. फिल्टरच्या वर गढूळ पाणी उभं असेल तर ड्रेनकडे वळा.

पाणी कपाने आणि स्पंजने काढा, प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करा. फिल्टर काढल्यावर खड्ड्याच्या एका बाजूला बहुधा प्लॅस्टिकचं छोटं झाकण असतं. ते काढलं की ड्रेन पंपाचं लहानसं पातं दिसतं. काठीच्या टोकाने ते फिरवा. गचके देत फिरलं तर घाबरू नका, आत चुंबक असल्याने ते तसंच फिरतं. अजिबात फिरत नसेल तर काहीतरी अडकलंय. फार सहज फिरून डगमगत असेल तर पातं दांड्यापासून सुटलंय आणि पंप बदलायचा.

पंप ठीक असेल तर पाइप. सिंकखालच्या सांध्यापाशी पाइप सोडवा, खाली बादली ठेवा. चरबीचा घट्ट बोळा नेमका इथेच सापडतो. सिंकखालचा सांधा नुकताच बदलला असेल तर त्याच्या नळीच्या तोंडावरचं प्लॅस्टिक कापायचं राहून गेलं नाही ना, ते बघा. नवीन जोडणीनंतर लगेच सुरू झालेली तक्रार असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. पाइप वरून वळसा घेऊन खाली आलेला हवा. अनेक मशीनमध्ये ड्रेनच्या जोडणीची उंची जमिनीपासून साधारण 40 सेंटिमीटर ते 1 मीटर सांगितलेली असते. फार खाली असेल तर पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं आणि मशीन भरतच राहतं. फार वर असेल तर पंपाचा दम पुरत नाही. सिंकमधलं घाण पाणी मशीनमध्ये परत येत असेल तर पाइपच्या तोंडाशी असलेला एकेरी झडपेचा रबर बघा.

पंप गुणगुणतो पण पाणी हलत नाही, याचा अर्थ अडथळा. पंप मुकाच असेल तर वीज पोचत नाही किंवा त्याची कॉइल गेली.

पाणी येत नाही

नळ पूर्ण उघडा आहे का, पाइप मागे दबलाय का, हे बघून झालं की नळ बंद करून पाइप सोडवा. मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती गाळाने बुजते. पक्कडीने अलगद ओढून धुवा. मग पाइप बादलीत धरून नळ क्षणभर उघडा आणि दाब बघा. पाइपच्या टोकाला जाडजूड डबी असेल तर ती गळती रोखणारी सुरक्षा-झडप आहे. ती वीज मिळाल्याशिवाय पाणी सोडत नाही आणि ती कापायची तर नाहीच.

गळती

खालची पट्टी काढा, तळाशी कोरडा कागद पसरा, मशीन लावा आणि लांबून टॉर्चने बघा. चालू मशीनखाली हात घालायचा नाही. प्लग काढल्यावर वाळलेल्या पांढऱ्या ओघळाचा माग काढत वर जा. ओघळ जिथे सुरू होतो तिथेच गळती. पुढच्या मधोमध पाणी येत असेल तर दाराच्या खालच्या कडेचं रबर, किंवा तडा गेलेलं पातं, जे पाणी सरळ दाराच्या फटीवर मारतं. कोपऱ्यातून येत असेल तर बाजूच्या रबरांची टोकं. मोटारीखालून येत असेल तर मोटारीचं सील.

अनेक मशीनच्या तळाशी एक उथळ ट्रे आणि त्यात थर्माकोलचा फ्लोट असतो. ट्रेमध्ये पाणी साचलं की फ्लोट वर येतो, पाणी भरणं बंद होतं आणि ड्रेन पंप थांबायचं नाव घेत नाही. मशीन बंद असतानाही पंप चालूच राहिला, तर ही जवळजवळ खात्रीची खूण. ट्रे स्पंजने कोरडा करा, मशीन पुन्हा चालेल. पण पाणी आलं कुठून ते शोधल्याशिवाय थांबू नका, आणि फ्लोट काढून टाकून मशीन चालवण्याचा जुगाड तर अजिबात नको.

पाणी तापत नाही

गरम प्रोग्रॅमच्या मध्यावर दार थोडंसं उघडा, चेहरा लांब ठेवून. वाफ यायला हवी. पाणी तापत नसेल तर भांडी चिकट राहतात, साबणाची वडी अर्धी उरते, आणि जुन्या फिरत्या टायमरच्या काही मशीनमध्ये तर प्रोग्रॅम एकाच जागी तासन् तास अडकतो, कारण थर्मोस्टॅट (तापमान ओळखणारा स्विच) ‘तापलं’ म्हणेपर्यंत टायमर पुढे जात नाही.

प्लग काढून हीटरची एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. किती ओहम यायला हवेत ते काढता येतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. 230 व्होल्ट आणि 2000 वॅट असेल तर सुमारे 26 ओहम. मीटरने अनंत दाखवलं तर हीटर तुटलाय. मग एक टोक हीटरच्या पत्र्याला लावा. इथे काहीच रीडिंग यायला नको. आलं तर वीज अंगात झिरपतेय, आणि गरम व्हायला लागलं की घरातला ब्रेकर पडण्याचं कारण बहुधा तेच. तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे ओहम कंपनीगणिक वेगळे असतात, पण बहुतेकांचा एक गुण सारखा: कोमट पाण्यात धरलं की आकडा खाली येतो. न हललेला आकडा म्हणजे सेन्सर गेलेला.

हीटर आणि सेन्सर दोन्ही चांगले निघाले तर सर्किट बोर्डावर हीटरच्या रिलेभोवतीचे (हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचभोवतीचे) सोल्डर बघा. वर्षानुवर्षं मोठा करंट गेल्याने तिथे गोल तडा किंवा तपकिरी डाग दिसतो. सोल्डरिंगचा हात असेल तर हे काम स्वस्तातलं, नसेल तर बोर्ड काढून जाणकाराकडे न्या.

मशीन सुरूच होत नाही

सॉकेटमध्ये दुसरं उपकरण लावून बघा. मग दाराचं कुलूप: बंद करताना टिक् असा स्पष्ट आवाज येतो का? मशीनला दार बंद असल्याची खबर तिथल्या छोट्या स्विचमधूनच मिळते. जुन्या मशीनमध्ये आणखी एक जागा हमखास बघावी, ती म्हणजे दाराच्या बिजागरीपाशी वाकणाऱ्या वायरी. हजारो वेळा दार उघडून-मिटून आतलं तांबं तुटतं, बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. दार हलवताना दिवे लुकलुकत असतील तर शंका इथेच घ्या. तुटलेला भाग कापून तेवढ्याच जाडीची वायर जोडा आणि सांधा वाकणाऱ्या जागेपासून दूर ठेवा. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे इलेक्ट्रिशियनला करू द्या.

बरेच महिने बंद असलेलं मशीन फक्त गुणगुणत असेल तर मोटार जाम झालेली असू शकते. तळाशी लिटरभर कोमट पाणी ओतून काही तास ठेवा, सील मऊ पडतं. मग प्लग काढलेलाच ठेवून, मोटारीचा मागचा पंखा हाताला लागत असेल तर तो थोडा फिरवा.

नेहमीची निगा

फिल्टर आठवड्याला, पात्यांची छिद्रं महिन्याला. दाराचं रबर आणि विशेषतः दाराची खालची कड ओल्या फडक्याने पुसा, तिथे फवारा पोचत नाही आणि वास तिथूनच सुरू होतो. क्षार साचले असतील तर रिकाम्या मशीनच्या तळाशी साधारण 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाकून 50 अंशांच्या आसपासचा प्रोग्रॅम लावा. व्हिनेगर वारंवार वापरलं तर रबराला त्रास देतं. ब्लीच तर स्टीलच्या मशीनमध्ये नकोच, आणि ॲसिडसोबत कधीच नाही, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रॅकच्या दांड्यांवरचं आवरण सोललं असेल तर रबरी टोप्या घाला, नाहीतर गंजाचे कण पंपापर्यंत जातात.

भाग मागवणं आणि थांबणं

सुटा भाग मागवताना नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही. दाराच्या आतल्या कडेवर पट्टी असते, तिच्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक द्या. पंपासारख्या भागावर तो बनवणाऱ्या कारखान्याचा स्वतःचा क्रमांकही छापलेला असतो. एकच पंप अनेक नावांच्या मशीनमध्ये बसलेला असतो, त्यामुळे बंद झालेल्या मॉडेलसाठीही तो मिळून जातो. काही मशीनमध्ये खालच्या पट्टीमागे घडी केलेला सर्व्हिसचा कागद असतो, त्यात वायरिंगचा नकाशा आणि चाचणीची पद्धत दिलेली असते.

माझ्या मते ड्रेन पंप, इनलेट व्हॉल्व्ह, रबरं, दाराचा स्विच आणि वायरी यांसाठी जुनं मशीन सोडू नये. पाणी फिरवणाऱ्या मोटारीचं सील गेलं असेल तर हिशेब करावा, कारण बऱ्याचदा मोटारच बदलावी लागते. आतला पत्रा गंजून आरपार गेला, किंवा बोर्ड जळला आणि तो कुठेच मिळत नाही, तर थांबा. मशीन भंगारात देण्याआधी रॅक, चाकं, पाती, ड्रेन पंप आणि व्हॉल्व्ह काढून ठेवा, त्याच मॉडेलवाला कोणीतरी ते शोधतच असतो.